एकाहत्तर गुण

आठ खुर्च्या, एक गल्ला, भिंतीवर गाण्याचं यंत्र.
हाचिनोहेच्या बंदरामागच्या बोळात
चाळीस वर्षं मी ग्लास पुसतेय.
यंत्र नवं आहे. गाणं संपलं की गुण देतं,
शंभरपैकी, शाळेतल्या बाईंसारखं.

काल तेप्पेइ आला. सेन्दाईत लिफ्ट दुरुस्त करतो,
आजोबांच्या वर्षश्राद्धाला गावी आलेला.
सोबत त्याची आई, यासुए,
बोटांना अजून उदबत्तीचा वास.
त्यानं यादी खाली, खाली, पार तळाला नेली
आणि लावलं ते छत्रीचं गाणं.

तुम्हाला म्हणून सांगते, गाणं काही थोर नाही.
कुणी बाई कुणाची तरी छत्री घेऊन
स्टेशनावर उभी. शेवटची गाडी गेलेली.
ती म्हणते, तू भिजत असशील.
बस्स. तीन कडवी, एवढंच.
तू म्हणजे कोण, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसावं.
माझ्या वेळी तो तू उंच होता, डावखुरा,
कागदाच्या गिरणीत कामाला.
शेजारच्या खुर्चीवरच्याचा तू निराळा.
त्या एका छत्रीखाली किती जण मावले,
मी कधी मोजायला गेले नाही.

कान्जिरो, म्हणजे तेप्पेइचा आजोबा,
रात्रभर दिवे पेटवून माकुल पकडायचा,
आणि बोटीच्या केबिनमध्ये ही एकच कॅसेट.
एकदा लाट आत शिरली.
त्यानं फीत बायकोच्या ड्रायरनं वाळवली, न विचारता.
ड्रायर जळला. बायकोनं कॅसेट जप्त केली.
वाजायची ती, पण दुसऱ्या कडव्यात
'भिजत'वर आवाज खाली जायचा,
अंधारात पायरी चुकावी तसा,
आणि मग उगाच घाईघाईनं वर.

तशीच वाजली स्वयंपाकघरात अठरा वर्षं.
ऐकत कुणीच नव्हतं.
तिच्या आवाजात भात शिजायचा,
यासुए गणितं सोडवायची, नवरा-बायको भांडायची,
आणि ज्या रात्री बोट वेळेवर आली नाही
त्या रात्रीही तीच चालू होती,
बंद करायला कुणाचा हात उठला नाही.
पहाटे तो आला. बुटांत पाणी.
गाणं तेव्हा कुठल्या कडव्यावर होतं
ते यासुए आजही सांगते.

तर काल तेप्पेइ गायला.
बरा गळा आहे पोराचा.
'भिजत' आलं
आणि आवाज खाली गेला,
पायरी चुकल्यासारखा,
मग घाईघाईनं वर.
पडद्यावर लाल बाण. एकाहत्तर.
खाली सूचना: दुसऱ्या कडव्यात सूर सांभाळा.

तो हसला. म्हणाला, मशीन येडं आहे,
गाणं असंच तर आहे.

मी बर्फाचा चिमटा खाली ठेवला.
ती फीत तुटली तेव्हा पोर जन्मलंही नव्हतं.
मला ठाऊक आहे, कारण याच फळीवर
कान्जिरो ती चिकटपट्टीनं जोडत बसला होता,
चष्मा कपाळावर, माझ्या नखांची कात्री घेऊन,
आणि जमलं नाही तेव्हा
पैसे न देताच उठून गेला.
पोरानं ऐकली असेल ती फक्त आई,
न्हाणीघरात, वाफेत, त्याचं डोकं चोळताना गुणगुणणारी.

यासुए काही बोलली नाही.
ग्लासाखालचं ओलं वर्तुळ बोटानं पुसत राहिली,
मग म्हणाली, परत लाव.

या खेपेला तिघं गायलो.
मीही, दुकानात गायची नाही असा माझा नियम असताना.
मला मूळ गाणं येतं, नीट येतं,
कोऱ्या तबकडीवरून शिकलेय मी,
त्या उंच माणसाच्या खोलीत, पायमोजे वाळत असताना.
त्याला ना ती बोट माहीत, ना तो ड्रायर.

दुसरं कडवं आलं.
माझाही पाय त्याच पायरीवर चुकला.

यंत्रानं चौसष्ट दिले.